पाठीला लागलेली माती

"पावणं, नव्या विहिरीची तालीम कुठं आली वं?" असं विचारून मीरासाब पैलवान दुकानाच्या फळीला टेकला आणि कृष्णातच्या हातातलं अंबाडीचं दावं निम्मं वळलेलंच राहिलं. माणूस मीरासाबच होता, त्यात फरक नव्हता. मोडून मोडून सुक्या अंजिरासारखे झालेले कान, खांद्यात बसलेली मान, उजव्या भुवईतली खोक. दाढी तेवढी नवी होती, मेंदीनं तांबडी केलेली, आणि बगलेत एक बोचकं होतं. वीसेक वर्षं जो माणूस दिवसातून निदान दोनदा आपल्या तोंडात असतो, ज्याचं नाव घेतल्याबिगर आपल्या दुकानातून साधा कासराही विकला जात नाही, त्या माणसानं आपल्याला पावणं म्हणावं? पावणं म्हणजे कोण, तर कोणीही. बाजाराला आलेला, वाट चुकलेला, प्यायला पाणी मागणारा, सगळे पावणंच. कृष्णातनं नुसतं बोटानं गल्लीचं वळण दाखवलं. "अल्ला भलं करो," म्हणून मीरासाब निघाला. जाताना तो डावा पाय जरा जपून टाकत होता. कृष्णातच्या डोळ्यांनी ते टिपलं, पण मनापर्यंत पोचलं नाही, कारण मन त्या एका शब्दापाशीच अडून बसलं होतं.

मंगळवार पेठेत कृष्णात दोरवाला ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याची ती ओळख एकाच गोष्टीवर उभी होती. मीरासाबनं ह्याला पाडलं होतं. आता पडण्यात मिरवण्यासारखं काय, असं एखादं पुण्याकडचं शहाणं माणूस विचारील. कोल्हापुरात कोणी विचारत नाही. मीरासाबच्या पाठीला उभ्या जन्मात माती लागली नव्हती. सांगली, मिरज, बेळगाव, सगळीकडचे गडी त्यानं उताणे केले होते, आणि त्या उताण्यांत आपला एक गडी होता ह्याचा पेठेला केवढा अभिमान. ती कुस्ती झाली जोतिबाच्या चैत्री यात्रेत, डोंगराच्या पायथ्याला, गुलालानं माणसाला माणूस दिसत नव्हता अशा दुपारी. खरं सांगायचं, आणि ते खरं कृष्णातनं फक्त स्वतःला सांगितलं होतं, तेही आंघोळीला बसल्यावर डोक्यावरून पाणी ओतता ओतता, तर कुस्ती झालीच नव्हती. सलामी झाली. त्यानं चिमूटभर माती कपाळाला लावली. कपाळावरचा हात खाली यायच्या आत मानेवर एक वजन आलं, दंड कशात तरी अडकला आणि आभाळ दिसलं. आभाळात एक घार होती. संपलं. पण जोतिबाचा डोंगर मागं टाकून घराकडं येताना कोणीतरी विचारलं, किती येळ चालली, आणि ह्याच्या तोंडून निघून गेलं, "चालली की जरा." त्या 'जरा'ला पुढं पालवी फुटली. लग्न झालं त्या साली कुस्ती तोंडातलं पान रंगेपर्यंत चालत होती. थोरली पोर पाळण्यात होती तोवर ती भाकरी थापून, भाजून, पापुद्रा सुटेपर्यंत गेली. प्लेगाच्या वर्षी अख्खी पेठ माळावर झोपड्या बांधून राहिली होती, माणसं मरणाच्या भीतीनं आणि त्याहून जास्त कंटाळ्यानं हैराण झालेली, तेव्हा एका संध्याकाळी कृष्णातनं ती कुस्ती सूर्य बुडेपर्यंत लढवली, आणि कोणी चकार शब्द काढला नाही. उलट बायाबापड्यांनी उद्या पुन्हा सांगा म्हणून आग्रह केला.

नुसती सांगून भागत नसे. गिऱ्हाईक दावं हातात घेऊन दोन्ही टोकं ओढून बघत असायचं, तोवर हा गादीवरून उठायचा. "मीरासाबची ढाक कशी असती म्हाईत हाय? हिकडं या." मग त्या बिचाऱ्याच्या मानेवर उजवा हात, त्याचा दंड आपल्या बगलेत, कमरेला कंबर, पाय आडवा. तो आता उडतोय असं वाटेपर्यंत त्याला तोलायचं आणि पडायच्या आत सोडायचं, हे त्यानं इतक्यांदा केलं होतं की राधानगरीच्या धरणाच्या कामावरचे मुकादम, गडहिंग्लजचे मिरचीवाले, दुधाची गवळीमंडळी, सगळ्यांच्या माना त्याच्या हाताला ओळखीच्या झाल्या होत्या. घाबरलेलं गिऱ्हाईक एकाच्या जागी दोन दावी घेऊन जाई. तानाबाई, म्हणजे त्याची बायको, आतून म्हणायची, "पडल्याचा येवढा थाट, पाडलं असतं तर काय हत्तीवर बसला असता?" तिला काय कळतंय, असं तो म्हणायचा. पण आज तो नुसता दाव्याचा पीळ उलगडत बसला होता. आधी त्याला बरं वाटलं. मीरासाबला आपण आठवत नाही म्हणजे ती कुस्तीही आठवत नाही, म्हणजे पान नाही, भाकरी नाही, सूर्य नाही, हे सांगणारा जगात कोणी उरला नाही. सुटलो, असं वाटून तो पाणीसुद्धा प्यायला. आणि पाणी पोटात उतरता उतरता दुसरं वाटलं, की आपण त्याच्या लेखी घडलोच नाही. वीस वर्षं आपण ज्या माणसाच्या नावावर जगलो त्याच्या डोक्यात आपल्यासाठी चिमटीएवढीही जागा नाही. ह्या दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं ते त्याला ठरवता येईना. तानाबाईनं जेवायला हाक मारली तर म्हणाला, "भूक न्हाय." ती म्हणाली, "कोण मेलंय?" त्याला वाटलं, हो, तसंच काहीतरी.

मीरासाब कशाला आलाय ते संध्याकाळी तालमीत कळलं. तालमीचे पंच तिघं. एक आण्णा वस्ताद, ज्यांच्या हातून पेठेतल्या दोन पिढ्या मार खाऊन घडल्या. दुसरा अल्लाउद्दीन बांगडीवाला, त्याचा बाप तालमीचा पंच होता म्हणून तोही, शिवाय मोहरमात, ताबुताच्या दिवसांत, तालमीचा पंजा त्यांच्याच घरून सजून येई. आणि तिसरा कृष्णात, त्याला मीरासाबनं पाडलं होतं म्हणून. तालीम भलत्याच अडचणीत होती. महाराजांनी खासबागेत नवं मैदान बांधून घेतलं होतं, कुठंही बसलं तरी कुस्ती दिसावी असं गोल, आणि दिवाळीनंतरच्या मैदानात नव्या विहिरीच्या तालमीची जोड वडाच्या तालमीशी ठरली होती. आपला गडी बाळासो, आणि त्यालाच ऐन वेळी कावीळ झाली. लोण्याकडं नुसतं बघितलं तरी त्याला उमळून येत होतं. तिकडं वडवाल्यांनी निपाणीकडचा सिदराम म्हणून एक पोरगा आणला होता. मराठी येत नाही, हसत नाही, बोलत नाही, बादलीभर दूध उभ्यानं पितो आणि समोरच्याला बाजूला ठेवतो. कोणी उभाच राहिला नाही तर वडवाले उभ्या उभ्या फेटा घेऊन जाणार, आणि मग पेठेनं वर्षभर मान खाली घालून बाजार करायचा. अशात कोणीतरी मीरासाबला निरोप धाडला होता, कोणी ते कोणीच कबूल करेना, आणि मीरासाब आला होता. भिंतीशी, मारुतीच्या कोनाड्याखाली, मांडी घालून बसला होता. बोचकं मांडीवर होतं.

"जित्ता हत्ती लाखाचा, मेला तर सव्वा लाखाचा," आण्णा म्हणाले. त्यांच्या बाजूनं तिथंच सगळं संपलं होतं. अल्लाउद्दीन हळू म्हणाला, "वस्ताद, हत्ती मेल्यावर सव्वा लाख आपल्याला मिळत्यात, पर मैदानात उभं कोण ऱ्हानार?" मीरासाब हे सगळं ऐकत होता आणि मान डोलवत होता, दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट चालली असावी तसा. मग तो आपणहून बोलला. "मी सांगतो की खरं. हाफिजाकडं ऱ्हातो मी, लेकीकडं, राधानगरीच्या अंगाला. जावई चांगला हाय, वंगाळ बोलनार न्हाय. पर त्या गावात मला कोन वळखत न्हाय. शेरडं राखाय दिल्यात माझ्याकडं. मी म्हनलं, राखतो. तर परवा एक बोकड माझ्या अंगावर आला आनि पोरं हासली. तवा मला वाटलं, एकदा मातीत उतरून बघावं." एवढं बोलून त्यानं बोचकं मांडीवरून खाली ठेवलं, आणि का कोण जाणे पुन्हा मांडीवर घेतलं.  कृष्णातला त्याची कणव आली, आणि त्याच वेळी रागही आला. ह्याला बोकड आठवतो. परवाचा बोकड आठवतो, आणि मी आठवत नाही.

"कृष्णाता, तू बोल की," आण्णा म्हणाले. "तुझ्याइतका पैलवानाला वळखनारा हितं कोन हाय?" मीरासाबनं त्याच्याकडं बघितलं, सभ्यपणानं, बांगड्यांच्या दुकानात पुरुष माणूस बघतो तसं. कृष्णात खाकरला आणि तालमीच्या हिताचं बोलायला लागला. पैलवानांचा मान मोठा, त्यांचं नाव मोठं, आपल्यापायी त्याला बट्टा लागू नये, वय हे वय असतं, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. बोलता बोलता त्याचा आवाज चढला. लोकांना वाटलं, पैलवानाच्या प्रेमानं चढला. पण आत त्याला जे दिसत होतं ते वेगळंच. खासबागेचं मैदान, गोल, गच्च भरलेलं, सरकारची स्वारी बसलेली, आणि मधोमध लाल मातीत मीरासाब उताणा, आणि त्याच्यावर ते न हसणारं पोर. आणि मग पेठेत कोणीतरी सहज म्हणणार, दावं ओढून बघता बघता, "म्हंजे तुमाला पाडलं ते त्या म्हाताऱ्यानं न्हवं? त्याला तर निपाणीच्या पोरानं झोपवला." झालं. वीस वर्षांची कुस्ती, पान रंगलेली, भाकरी भाजलेली, प्लेगात अख्ख्या पेठेला जगवलेली, एका दमात मातीमोल. न पडलेल्या माणसाकडून पडणं वेगळं आणि पडलेल्याकडून पडणं वेगळं. दुसरं कोणालाही जमतं. आपण हे मीरासाबच्या काळजीनं बोलतोय की आपल्या, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं ते मन तसंच मागं सारून आणखी जोरात सांगितलं, "मान राखा पैलवानांचा." आण्णा म्हणाले, "मान राखायचा म्हनूनच विडा द्यायचा." अल्लाउद्दीननं त्यावर तोड काढली. तालमीची रीतच होती. गोविंद विडा पितळी तबकात मारुतीपुढं ठेवायचा, जो उचलील त्याची कुस्ती, आणि उचललेला विडा पुन्हा तबकात जात नाही. पण विडा मांडायच्या आधी गड्यानं पंचांसमोर तालमीच्या मातीच्या हौद्यात उतरून जोर दाखवायचा. तो उद्या सकाळी दाखवावा, असं ठरलं.

सकाळी तालीम भरली होती. पोरांनी हौदा उकरून, ताक आणि तेल घालून माती लोण्यासारखी केली होती, वर हळद टाकली होती. मीरासाब लंगोट कसून उतरला तेव्हा एक आवाज झाला, कोणी काढला म्हणून नव्हे, सगळ्यांचा श्वास एकदम आत गेला त्याचा. शरीर अजून डौलदार होतं. छाती, दंड, सगळं जागच्या जागी, फक्त त्याच्यावरची कातडी जरा परकी झाल्यासारखी. पहिला गडी पुढं आला, वाकला, मीरासाबच्या पायांना हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि मग कुस्तीला उभा राहिला. मीरासाबनं त्याच्या मनगटाला हात घातला मात्र, पोरगं गिरकी घेऊन पडलं. दुसरं आलं, पाया पडलं, आणि ह्यानं अजून धरलंही नव्हतं तोवर डावीकडं कोसळलं. तिसऱ्यानं तर पडण्यात कसब दाखवलं, हवेत पाय झाडून, ओरडून, असा पडला की बघणाऱ्यांनी शाबास म्हटलं. "न्येट लावा की रं, भाड्यांनो," आण्णा ओरडले. "लावला की वस्ताद," मातीतून उत्तर आलं. कृष्णातनं त्या तिसऱ्याला खांबाआड ओढलं आणि विचारलं, "का पडलास?" पोरगं कपाळावरची माती पुसत म्हणालं, "काय करू मामा? ज्याच्या पायाला हात लावला त्याच्या पायात पाय घालायचा व्हय?" कृष्णातनं पुढं विचारलं, "पन त्यो दमदार हाय का न्हाय, हाताला काय लागलं?" तर पोरगं प्रामाणिकपणे म्हणालं, "हाताला लागाय मी ऱ्हायलोच कुटं?"

असे तालमीतले सगळे पडले. ज्याच्या अंगात खोंडाचं बळ तोही पडला आणि ज्याच्या अंगात काही नव्हतं तोही. मीरासाब मध्ये उभा, घामानं चकाकणारा, आणि त्याच्याभोवती पेठेची तरणी पिढी अंथरलेली. आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाघ हाय. वाघ हाय अजून," ते म्हणाले, आणि कोनाड्यातलं तबक काढा म्हणून त्यांनी हात केला. अल्लाउद्दीनही आता मान हलवत होता. कृष्णात एकटाच मीरासाबच्या डाव्या गुडघ्याकडं बघत होता. तो गुडघा उभ्या उभ्या थरथरत होता, बाकीचं अंग स्थिर असताना एकटाच, आणि मीरासाब तो लपवायला पाय किंचित वाकवून उभा होता. हे कोणालाच कसं दिसत नाही? मग त्याच्या ध्यानात आलं की इथल्या प्रत्येकानं सकाळपासून एकदा तरी वाकून तो पाय धरला होता, आणि धरलेल्या पायाकडं माणूस पुन्हा निरखून बघत नाही. धरला नव्हता तो एकट्या कृष्णातनं. कालपासून रुसून बसला होता म्हणून. "थांबा," तो म्हणाला. आवाज आपलाच आहे ह्याचा त्यालाच अचंबा वाटला. "मी उतरतो."

बंडी काढताना पोट मोकळं झालं आणि दोघंतिघं हसले. लंगोट उसना होता, बाळासोचा, तो ह्याच्या कमरेला पुरता पुरेना. हौद्यात पाय टाकला तसं माती बोटांतून वर आली, गार, तेलकट, आणि वास आला. तो ताकाचा, हळदीचा, घामाचा वास वीस वर्षं त्यानं फक्त सांगितला होता. आता तो नाकात गेला तेव्हा लहानपणी बाप त्याला पहिल्यांदा हाताला धरून इथं घेऊन आला होता ती सकाळ, आणि बापाच्या हाताचा खरबरीत दोरकरी स्पर्श, असं सगळं एकदम आलं. भीती वाटत होती. साधी, हाडं मोडायची भीती. शिवाय त्यानं मनाशी काही ठरवलंही नव्हतं. पडायचं, हेच खरं तर सोयीचं होतं. पडलो की पुन्हा एकदा मीरासाबनं पाडलेला कृष्णात, दुकानात सांगायला ताजा माल. सलामी झाली. मीरासाबनं मानेवर हात टाकला, आणि कृष्णातला वाटलं की आपण चुकीच्या माणसाला धरलंय. वजनच नव्हतं. हात होता, बोटं होती, पकड कुठं असावी तिथंच होती, पण तिच्यामागं कोणी नव्हतं. मीरासाबचा श्वास त्याच्या कानाशी आत-बाहेर होत होता, बैलगाडी चढाला लागल्यावर बैलाचा होतो तसा, आणि त्या श्वासातून अगदी हळू, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं मीरासाब म्हणाला, "सावकास. गुडघा हाय."

त्या एका बोलण्यानं कृष्णातचं आतलं सगळं सैरभैर झालं. हा माणूस मला विनवतोय. ज्यानं मला घार दाखवली तो. आता मी पडलो, तर आण्णा तबक पुढं करणार, हा विडा उचलणार, आणि ते बादलीभर दूध पिणारं पोर ह्याच्या गुडघ्याची विचारपूस करणार नाही. हजारो माणसांत हा उताणा पडेल, आणि त्यानंतर ह्याला शेरडंसुद्धा कोणी राखायला देणार नाही. मी इथं पाडला तर चार भिंतींत राहील, आपल्याच माणसांत. पण मग माझी कुस्ती? ती तर दोन्हीकडून बुडाली. पाडावं तरी गेली, पडावं तरी गेली. तो असा विचार करत उभा होता, मान मानेला लावून, आणि विचार कुठंच पोचत नव्हता, आणि इकडं त्याच्या हातांना कंटाळा आला. खोटं वाटेल, पण असंच झालं. इतकी वर्षं रोज दुकानात ज्या जागी माणसाची मान आली की उजवा हात जिथं जातो तिथं तो गेला. दंड बगलेत आला. कमरेला कंबर लागली. पाय आडवा झाला. फक्त गिऱ्हाईक पडायच्या आत सोडायचं असतं, तेवढं सोडायचं ह्या वेळी राहिलं. मीरासाबचीच ढाक, मीरासाबला बसली. माती धप्प वाजली.

बाहेर विहिरीवर कोणीतरी घागर उतरवत होतं, तिचा आवाज आत आला. मीरासाब पाठीवर होता आणि वरच्या तुळयांकडं बघत होता. कृष्णातला रडू यायला लागलं. आपण काय केलं हे त्याला कळत होतं आणि आता लोक काय म्हणणार हेही कळत होतं. म्हणणार, म्हातारा झाला, संपला. हा दोरवाला, पोट सुटलेला, ह्यानंसुद्धा पाडला. त्यानं वाकून मीरासाबला हात दिला आणि पंचांकडं बघितलं, आता तुम्हीच काय ते ठरवा, अशा नजरेनं. आण्णा वस्ताद उठून उभे राहिले होते. त्यांचा खालचा ओठ हलत होता. "मीरासाबला पाडलं," ते म्हणाले. मग तालमीकडं वळून, "उभ्या मुलखात कुनाला जमलं न्हाय ते आपल्या कृष्णातनं केलं." अल्लाउद्दीननं दाढीवरून हात फिरवला. "म्हंजे वस्ताद, येवडा गडी आपल्या घरात असताना आपन गावभर हुडकत फिरत हुतो?" आणि मग जी बोंब उठली, पोरांनी जी उडी मारली, त्यात कृष्णातचं "आवं ऐका की" कुठल्या कुठं गेलं. त्यांच्या डोक्यात मीरासाब पडूच शकत नव्हता. तो पडला, म्हणजे पाडणारा काय असेल. हिशेब एवढा सरळ होता की त्यात म्हातारपण बसवायला फटच नव्हती.

"आवं, गुडघा," कृष्णात ओरडला. "पैलवानांचा गुडघा…" सगळे एकदम मीरासाबकडं वळले. मीरासाब हौद्याच्या कडेला बसला होता, पाठीला जन्मात पहिल्यांदा लागलेली ती माती तशीच ठेवून.  कृष्णातला त्याच्या गप्प बसण्यात स्वतःचा चेहरा दिसत होता, गुलालानं माखलेला, वाटेवर कोणीतरी किती येळ चालली विचारतंय, आणि आपण उत्तर शोधतोय. "गुडघा बरा हाय," मीरासाब म्हणाला. "गुडघ्याचा काय संबंद न्हाय. तुमाला भाईरनं दिसलं न्हाय. आत हाताला कळतं. मी दोनदा सुटाय बघितलं, त्यानं दोन्ही डाव तोडलं. तिसऱ्यांदा मी लांगेचा डाव घालतोय तर ह्याचा हात मानंवर. काय वजन, बाबा. डोंगूर ठेवावा तसं. म्या बेळगावात बघितलं न्हाय, मिरजंत बघितलं न्हाय." बोलता बोलता त्याची मान खांद्यातून वर आली. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. कुस्ती अजून अंगावरून वाळलीही नव्हती आणि ती लांबायला लागली होती. मग तो कृष्णातकडं वळला, आणि ह्या खेपेला त्यानं खरंच बघितलं, नाक, डोळे, कान, सगळं पाठ करून घेत असल्यासारखं. "नाव काय तुजं?" त्यानं विचारलं. "नीट सांग. आता जलमभर घ्यायचं हाय मला."

"कृष्णात," तो म्हणाला. "कृष्णात दोरवाला." एवढं सांगायला त्याला फार वेळ लागला. तोवर आण्णांनी तबक आणून समोर धरलं होतं. तबकात गोविंद विडा, वर लवंग टोचलेली. एकच वाक्य बोलायचं होतं. वस्ताद, ह्यो म्हातारा झालाय, त्याच्या अंगात काय ऱ्हायलं न्हाय, म्हनून पडला. सरळ, खरं वाक्य. ते बोललं की आपण दुकानात, गादीवर, हाडं शाबूत, तानाबाईच्या हातची भाकरी. आणि हा बोचकं घेऊन राधानगरीच्या वाटेला, कोणा दोरवाल्याकडून पडून आलेला म्हातारा म्हणून. त्याला सिदरामचा चेहरा दिसला, न हसणारा. त्याला आपलं पोट दिसलं, बाळासोच्या लंगोटावरून उतू जाणारं. वीस वर्षं मीरासाबला आपण मोठा करत आलो, आणि आता पाळी आपल्यावर आली, असं त्याला वाटलं, आणि त्याला स्वतःची मनापासून दया आली. मीरासाब त्याच्याकडंच बघत होता. ओठ मिटलेले, डोळ्यांची उघडझाप नाही. एवढ्या आशेनं त्याच्याकडं कोणी, लग्नातसुद्धा, बघितलं नव्हतं.

कृष्णातनं विडा उचलला. पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायला धाव घेतली, जमेना, वजन जास्त होतं, म्हणून तिघांच्या जागी पाच जण लागले. वर बसल्या बसल्या त्यानं विडा तोंडात घातला. चुना जास्त झाला होता, जीभ चांगलीच पोळली, पण आता थुंकायची सोय नव्हती.